सेहेचाळीस सेंट

चौदा डॉलरचा धुरी दिलेला ट्राउट.
पहाटे चारला उठून मी तो मिठातून काढला,
मेपलच्या धुरात सहा तास राखला,
ढलपी ओली निघाली म्हणून दोनदा डोळे पुसले.
गिऱ्हाइकानं कार्ड नुसतं टेकवलं. टीं झालं.
तेवढ्यात सेहेचाळीस सेंट उडून गेले,
माशाचा वाससुद्धा न लागता.

इथे डुलुथला सरोवर गोठतं तेव्हा
लोखंडाच्या मातीची जहाजं थांबतात,
पुलाचा भोंगा थांबतो,
माझा भाऊ ताउनो एप्रिलपर्यंत बोलायचा थांबतो.
मशीन थांबत नाही.

वर्षअखेरीला पेन्सिल घेऊन बसले.
सहा हजार दोनशे बारा.
दळतेय मी, आणि पीठ...
म्हण पुरी करवेना.
त्यातलं कुत्रं निदान दारात दिसतं तरी.

मग डोक्यात आलं, टोलनाका चुकवता येत नसेल
तर नाक्याचीच एक वीट विकत घ्यावी.
शेअर तीनशेला एक.
लाभांश वर्षाला दोन डॉलर चाळीस.
गेलेलं सगळं त्याच वाटेनं परत यायचं
तर शेअर हवेत अडीच हजारांच्या वर.
दुकान विकलं, घर विकलं,
आयलाची जुनी बोट खालच्या पाण्यासकट विकली,
तरी बेरीज अर्ध्यावर धापा टाकते.

हसले. आणि एक घेतला.

सात वर्षांत अकरा झाले.
तिमाहीला सहा डॉलर साठ सेंट
खात्यात येतात, पावलं न वाजवता.
आई लोकरीचे उरलेले धागे डब्यात ठेवायची
तशी मी त्यांच्याकडे बघते:
यातला कुठला वेन्डेलच्या सलूनमधला,
कुठला बेकरीतल्या ग्रेटचनच्या पावातला,
कुठला त्या पोरीचा,
जिनं फेब्रुवारीत हीटरचं बिल कार्डावर टाकलं
आणि अजून फेडतेय?
रंग नसतो त्यांना. ओळखू येत नाहीत.
त्यांच्याकडून मी काही घेतलं नाही.
त्यांनी मला काही दिलं नाही.
तरी सहा साठ.

मार्चात रेडिओवर बातमी आली:
दुकानदारांचा कट कमी करायचा कायदा येतोय म्हणे.
वेन्डेल कात्री हातात घेऊनच रस्ता ओलांडून आला,
मागे अर्धं डोकं कापलेलं गिऱ्हाईक.
"आउने, ऐकलंस?"
मी ऐकलं होतं.
फोन उघडून आधी मी भाव पाहिला होता.
चार टक्के खाली.
पोटात खड्डा पडला, आणि त्या खड्ड्याच्या काठावर
एप्रन बांधलेली मीच उभी होते,
टाळ्या वाजवायच्या बेतात.
वेन्डेलला म्हटलं, बरं झालं.
कोणासाठी, ते त्यानं विचारलं नाही.

कायदा कुठल्याशा समितीत जाऊन बसला.
भाव वर आला.
मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं बरं वाटलं नाही.

शुक्रवारी इल्मारी येतो. वय नव्वदच्या पुढे.
हातमोजा दातांनी ओढून काढतो,
नोटा उलगडतो, मग नाणी, एकेक,
काउंटरवर, घासलेल्या जागी.
मागे रांग पाय बदलते, फोन हातात धरून.
"उशीर होतोय," तो फिनिशमध्ये पुटपुटतो.
"होऊ दे," मी म्हणते.
चौदा. बरोबर चौदा.
गल्ला उघडताना लाकूड करकरतं,
आणि सगळं आत पडतं, सगळं.

त्याच्या पुडक्यात मी शेपटीकडचा एक तुकडा जास्त घालते.
किती वजनाचा, ते मोजत नाही.
म्हणजे, मोजते.